जड हत्यारपेटीची चाकं: निवडण्यापासून बसवण्यापर्यंत

चाकांची हत्यारपेटी नवी असते तेव्हा एका हाताने सरकते, कारण ती रिकामी असते. मग खण भरत जातात. सॉकेटचे संच, पाने, हातोडे, पुलर, तळाच्या खणात ग्राइंडर आणि ड्रिल. वर्ष-दोन वर्षांत तीच पेटी हलवायला खांदा लावावा लागतो. ती सरळ न जाता एका अंगाला ओढते आणि फरशीच्या सांध्यावर अडली की हिसका बसून सगळे खण खडखडतात. पेटीच्या पत्र्याला काही झालेलं नसतं, पण तिच्याखालची चाकं आपल्या ताकदीबाहेरचं ओझं वाहत असतात.

मी पहिल्यांदा चाकं बदलली तेव्हा छापील क्षमतेचा सर्वांत मोठा आकडा बघून नायलॉनची घेतली. चाकांना काही झालं नाही, पण खडबडीत काँक्रीटवर पेटी इतकी थरथरायची की ट्रेमधले सॉकेट उडून एका कोपऱ्यात गोळा व्हायचे. सहा महिन्यांत ती काढून दुसरी बसवली. त्या खेपेला मात्र आधी तीन गोष्टी पाहिल्या: जमीन कशी आहे, भार प्रत्यक्षात किती चाकांवर येतो आणि पेटीचा तळ तो भार पेलतो का. क्षमतेचा आकडा त्यानंतर पाहिला. नव्याने हे काम करणाऱ्याने याच क्रमाने जावं असं मला मनापासून वाटतं.

आधी जुन्या चाकांची तपासणी

चाक जड फिरतंय म्हणजे ते संपलंच असं नसतं. एक्सलभोवती केस, दोरे, चिंध्यांचे धागे आणि लोखंडाचा कीस गुंडाळला जातो आणि हळूहळू आवळून चाक धरून ठेवतो. बारीक चिमट्याने आणि ब्लेडने तो काढा, थोडं ग्रीस द्या. एवढ्याने भागलं तर खर्चही वाचला आणि पेटी उचलण्याची जोखीमही.

बदलायला हवीत अशी चाकं ओळखायला सोपी असतात. चाकाचा जमिनीला टेकणारा थर, म्हणजे धाव, आतल्या गाभ्यापासून सुटून फिरत असेल. धावेवर एका जागी सपाट भाग पडला असेल आणि पेटी ढकलताना ठक-ठक जाणवत असेल. चाक धरणारा फोर्क वाकला असेल. किंवा फिरत्या, म्हणजे सगळीकडे वळणाऱ्या चाकाची मान (फोर्क ज्यावर वळतो तो वरचा सांधा) हाताने हलवली तर खुळखुळत असेल. मानेत मधोमध नट असेल तर तो आवळून थोडा काळ निभतं. पिन रिव्हेटसारखी ठोकून बंद केलेली असेल तर ती मान पुन्हा घट्ट होत नाही.

शेवटी बॅटरी घेऊन पेटीखाली वाका आणि चाकांच्या प्लेटभोवतीचा, म्हणजे चाक ज्या चौकोनी पट्टीने पेटीला बोल्टने जोडलेलं असतं तिच्याभोवतीचा पत्रा पाहा. तिथे खळगा पडला असेल किंवा भोकांभोवती चिरा गेल्या असतील, तर नवी चाकं आणूनही दुखणं तसंच राहील. त्यावर पुढे लिहिलं आहे.

चारांपैकी एकच चाक गेलं असलं तरी शक्यतो चारही बदलावीत. नवं चाक झिजलेल्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर उंच भरतं, आणि मग पेटी एका कर्णावर डुगडुगत राहते.

वजन, आणि ते तीनने भागण्याचं कारण

पेटीचं वजन अंदाजाने धरू नका. अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतो. चाकं बदलताना खण रिकामे करावेच लागतात, तेव्हा एकेका खणातला ऐवज खोक्यात भरून घरगुती वजनकाट्यावर ठेवा आणि लिहीत जा. रिकाम्या पेटीचं वजन तिच्या माहितीपत्रकात सापडतं. वरची सुटी पेटी आणि बाजूला टांगलेला व्हाइसही धरा.

समजा पेटी १२० किलो आणि हत्यारं २८० किलो. एकूण ४००. चार चाकांवर प्रत्येकी १०० किलो, असा हिशोब सगळे करतात. तो तंतोतंत सपाट जमिनीवरच खरा ठरतो. प्रत्यक्षात जमिनीला उंचसखलपणा असतो आणि पेटीची चौकट ताठ असते, त्यामुळे हलताना एखादं चाक किंचित अधांतरी जातं आणि सगळा भार उरलेल्या तिघांवर येतो. म्हणून ४०० ला तीनने भागायचं: १३३ किलो. सांध्यावरून जाताना बसणारे धक्के आणि पुढे येणारी नवी हत्यारं यांच्यासाठी मी त्यात निदान पाव भाग आणखी मिळवतो. म्हणजे १६७. अशा पेटीला प्रत्येकी २०० किलो क्षमतेची चाकं घेतली तर निश्चिंत राहता येतं.

छापील क्षमता माणसाच्या चालीसाठी असते हे लक्षात ठेवा. अशा चाकांसाठीचं आयएसओ २२८८३ हे आंतरराष्ट्रीय मानक ताशी ४ किलोमीटरपर्यंतच्या वापरापुरतंच आहे. पेटी गाडीला बांधून ओढण्याचा विचार कुणी करत असेल तर तो आकडा तिथे लागू होत नाही.

चाक आणि फोर्क यांच्या क्षमता वेगळ्या दिलेल्या असतील तर त्यातला लहान आकडा खरा.

जमीन ठरवते धाव कशाची हवी

बहुतेक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे जरा रेंगाळू.

पॉलियुरेथेन ही जड हत्यारपेटीसाठी मी पहिली सुचवेन ती धाव. तेल-ग्रीस सहन करते, फरशीवर काळे पट्टे सोडत नाही, आवाज बेताचा. पण ‘पॉलियुरेथेन’ हा शब्द वाचून थांबू नका, ती कशावर चढवली आहे ते पाहा. ओतीव लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गाभ्यावर घट्ट चिकटवलेली धाव जड भाराला टिकते. प्लॅस्टिकच्या गाभ्यावर बसवलेली हलक्या पेट्यांसाठी ठीक. कडकपणा शोअर ए मापात देतात आणि जड कामासाठी ९५ च्या आसपासची धाव चांगली. मऊ धाव एकाच जागी महिनोन्महिने भाराखाली राहिली की सपाट पडते. या साहित्याचं एक वैगुण्य म्हणजे त्याच्या काही प्रकारांना सततचा ओलावा आणि गरम पाणी मानवत नाही. धाव आतून कुजल्यासारखी होऊन तुकड्यांनी गळू लागते. रोज गरम पाण्याने धुतल्या जाणाऱ्या जागेसाठी ती घेण्याआधी हे विचारून घ्या.

नायलॉन कडक असतं, त्यामुळे गुळगुळीत जमिनीवर सर्वांत हलकं फिरतं आणि तेलाला दाद देत नाही. पण ते अजिबात दबत नाही. प्रत्येक खडा, प्रत्येक सांधा तसाच्या तसा पेटीत पोचतो. शिवाय दबत नसल्याने भार अगदी बारीक रेघेवर येतो. खालची टाइल पोकळ बसली असेल तर तडकते, इपॉक्सीचा थर असेल तर त्यावर चरे उमटतात. टाइल किंवा इपॉक्सी असेल तिथे जड पेटीला नायलॉन लावू नका.

रबर धक्के गिळतं आणि खडबडीत काँक्रीटवर त्याच्याइतकं शांत दुसरं काही नाही. मात्र त्याच आकाराच्या कडक चाकापेक्षा त्याची क्षमता कमी भरते आणि ढकलायला जोर जास्त लागतो. खनिज तेलात साधं रबर फुगतं, मऊ पडतं. काळं रबर फरशीवर डाग सोडतं, म्हणून घ्यायचंच तर डाग न पाडणारं राखाडी घ्या.

फेनोलिक म्हणजे राळ आणि कापडाचे थर दाबून केलेलं चाक. भार भरपूर पेलतं, पण पाण्यात राहिलं की खराब होतं. ओतीव लोखंडाचं चाक वेल्डिंगच्या ठिणग्या आणि तापलेला कीस पडतो तिथे उपयोगी, बाकी ठिकाणी जमिनीची नासाडी करतं. ही दोन्ही हत्यारपेटीखाली क्वचितच लागतात.

लेथ किंवा मिलिंगजवळ काम असेल तर आणखी एक पाहा. धातूचा कीस मऊ धावेत रुततो आणि मग तेच चाक जमीन ओरखडत फिरतं. अशा जागी ९५ कडकपणाची पॉलियुरेथेन, आणि रोज झाडू. दोन्ही लागतात.

व्यास

मोठं चाक सोपं ढकललं जातं हे अनुभवाने सगळ्यांना ठाऊक असतं. किती सोपं, ते एका उदाहरणाने कळेल. कडक चाकावर १०० किलो भार आहे आणि समोर ५ मिलिमीटरचा उंचवटा आला. तो चढायला १०० मिलिमीटर व्यासाच्या चाकाला सुमारे ४८ किलोंचा आडवा जोर लागतो, १२५ च्या चाकाला सुमारे ४३ आणि १५० च्या चाकाला सुमारे ३८. पाच मिलिमीटर म्हणजे पडलेला एखादा नट किंवा फरशीचा वर आलेला सांधा, यापेक्षा जास्त काही नाही.

मग सरळ १५० चीच घ्यावीत का? इथे उंची आड येते. १०० च्या जागी १५० चं चाक लावलं की पेटी साधारण ५५ ते ६५ मिलिमीटर वर जाते. जड भरलेली पेटी तेवढी उंच झाली की कलंडायला सोपी होते, वरचा खण डोळ्यांच्या रेषेत येतो आणि टेबलाखाली जाणारी पेटी जात नाही. मला १२५ मिलिमीटर हा बहुतेक पेट्यांसाठी सुवर्णमध्य वाटतो. पेटी उंच असेल आणि तिची पुढून मागची खोली कमी असेल तर मूळ व्यासालाच चिकटून राहा, सुधारणा धावेत आणि बेअरिंगमध्ये करा.

धावेची रुंदी वाढली की भार जास्त जागेवर पसरतो, जमीन जपली जाते. पण रुंद चाक जागच्या जागी वळवायला जड जातं. ४० ते ५० मिलिमीटर रुंदी पुरेशी होते.

बेअरिंग, मान आणि ब्रेक

चाकाच्या मध्यात तीन प्रकार दिसतात. साधी बुश, म्हणजे एक्सलभोवतीची नुसती नळी, स्वस्त असते आणि जड पेटीला नको. रोलर बेअरिंग धक्के चांगले सोसतं, पण त्याला वेळोवेळी ग्रीस लागतं. दोन सीलबंद बॉल बेअरिंग असलेलं चाक सर्वांत हलकं फिरतं आणि देखभाल मागत नाही. अनेकदा त्यात ६२०२, ६२०३, ६२०४ अशी सर्वत्र मिळणारी बेअरिंगं असतात, म्हणजे पुढे तेवढीच बदलता येतात. ६२०३ चं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४० आणि जाडी १२.

फिरत्या चाकाच्या मानेत छर्ऱ्यांच्या दोन रांगा असाव्यात, एक उभा भार पेलायला आणि दुसरी मान डोलू न द्यायला. मधली पिन नसलेला, रुंद छर्ऱ्यांच्या कड्यावर फिरणारा प्रकार धक्क्यांना आणखी टिकतो. पेटी रोज उंबऱ्यावरून किंवा उतारावरून जात असेल तर तो घ्यावा.

मांडणी ठरवताना दोन सरळ (न वळणारी) आणि दोन फिरती ही नेहमीची जोडी लांब पेटीला उत्तम. फिरती चाकं मुठीच्या टोकाला, सरळ चाकं दुसऱ्या टोकाला. उलट बसवली तर वळवताना पेटीचं दूरचं टोक भरकटतं. जागा अगदी अरुंद असेल आणि पेटी आडवी सरकवून भिंतीशी लावायची असेल तर चारही फिरती लावा. पण लांब सरळ अंतरावर ती पेटी हट्टी गुरासारखी कुठेही वळते हे स्वीकारून.

चार फिरत्या चाकांच्या पेटीत एक धोका लपलेला असतो. फिरत्या चाकाचा जमिनीला टेकणारा बिंदू मानेच्या बरोबर खाली नसतो, तीस-चाळीस मिलिमीटर मागे असतो. पेटी समोरच्या, म्हणजे खणांच्या दिशेने ढकलून थांबवली की पुढच्या चाकांचे टेकू मागे सरकलेले असतात. मग वरचे जड खण ओढले तर पेटी पुढे झुकायला तेवढाच कमी भार पुरतो. म्हणून अशी पेटी जागेवर लावताना शेवटचा हात मागच्या दिशेने ढकलून थांबवा. चाकं पुढच्या बाजूला वळतात आणि टेकू रुंदावतो.

ब्रेक घ्यायचाच तर चाक आणि मान दोन्ही जखडणारा घ्या. फक्त चाक धरणाऱ्या ब्रेकने मान मोकळी राहते आणि पान्याला जोर लावताना पेटी जागच्या जागी झुलते. मुठीकडच्या दोन्ही फिरत्या चाकांना ब्रेक असावा, म्हणजे पायाने सहज पोचता येतं. ब्रेकची पट्टी फोर्कच्या बाहेर येते, त्यामुळे मान पूर्ण फिरताना ती पेटीच्या खालच्या कडेला अडकत नाही ना, हे खरेदीआधी मोजून घ्या.

मोजमाप, कागदावर

चाकं मागवण्याआधी हे सगळं लिहून काढा:

प्लेटची बाहेरची लांबी-रुंदी. भोकांमधलं अंतर, दोन्ही दिशांनी. भोकाचा मध्य डोळ्याने धरता येत नाही, म्हणून एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. भोकं सारख्या आकाराची असतील तर तेच मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. भोकं गोल आहेत की लांबट खाचेची. बोल्टची जाडी. प्लेटच्या वरच्या पृष्ठभागापासून जमिनीपर्यंतची एकूण उंची. चाकाचा व्यास आणि रुंदी. आणि फिरत्या चाकाला पूर्ण वळायला मानेच्या मध्यापासून किती मोकळी जागा आहे.

भोकांचं अंतर सर्वांत जास्त फसवतं, कारण जगात इंची आणि मेट्रिक अशा दोन्ही प्लेटा चालतात. मेट्रिक प्लेटांमध्ये ८० × ६० मिलिमीटर अंतर आणि ९ मिलिमीटरचं भोक, मोठ्या चाकांना १०५ × ८० च्या आसपास आणि ११ मिलिमीटरचं भोक, असे आकार नेहमी दिसतात. इंची प्लेटांमध्ये ४ × ४ १/२ इंचाची प्लेट फार चालते. तिची भोकं २ ५/८ × ३ ५/८ इंचांवर असतात आणि खाचेमुळे ३ × ३ इंचांपर्यंत सरकतात. ३ इंच म्हणजे ७६.२ मिलिमीटर. टेपवर ते ८० च्या जवळ दिसतं, पण बोल्ट घालायला गेलं की बसत नाही. ३/८ इंचाचा बोल्ट साडेनऊ मिलिमीटरचा, तो ९ च्या भोकात जात नाही. शक्य असेल तर एक जुनं चाक काढून प्लेट कागदावर ठेवा, पेन्सिलने भोकं गिरवा आणि तो कागद सोबत न्या. टेपच्या मापापेक्षा हा कागद जास्त विश्वासाचा.

फोर्क सरळ आणि मान घट्ट असेल तर नुसतं आतलं चाक बदलूनही भागतं. तेव्हा व्यास, धावेची रुंदी, एक्सलची जाडी आणि हबची (एक्सल ज्यातून जातो त्या चाकाच्या मधल्या भागाची) लांबी अशी चार मापं लागतात. हब धावेपेक्षा थोडा लांब असतो आणि फोर्कच्या दोन पात्यांमध्ये तोच बसतो. हे माप विसरलं की चाक आत डुलतं किंवा जातच नाही.

पेटी उचलणं

या कामात जिवाला धोका असतो तो याच टप्प्यावर. तीनशे-चारशे किलोंची पेटी हातावर आली तर हाड राहत नाही. म्हणून हे सावकाश, एका मदतनीसासह करा.

१. सगळे खण रिकामे करा, एका वेळी एकच उघडून. वरची सुटी पेटी उतरवा. तळाचा खण पूर्ण बाहेर काढा, कारण चाकांचे नट बऱ्याचदा त्याच्याखाली असतात. खण सोडवायला दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर खटके असतात, बहुतेक वेळा एक वर उचलावा लागतो आणि दुसरा खाली दाबावा लागतो.

२. उरलेले खण कुलूपबंद करा आणि वरून रुंद चिकटपट्टी लावा. कुलपावर एकट्यावर विसंबू नका.

३. पेटी सपाट, कडक जमिनीवर घ्या. आधी फिरत्या चाकांचं टोक उचलायचं. दुसऱ्या टोकाच्या सरळ चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचर ठोका.

४. जॅक कोपऱ्यालगतच्या जाड चौकटीखाली लावा आणि मध्ये पेटीच्या पूर्ण खोलीइतकी जाड फळी घाला. तळाच्या मधल्या पत्र्याला जॅक लावला तर पत्रा आत जातो आणि पेटी घसरते. जॅक आत जात नसेल तर मदतनीसाने पहारीने थोडं उचलावं आणि तुम्ही पातळ फळ्या एकेक करून सरकवाव्यात. बोटं फळीच्या टोकाला, पेटीखाली कधीही नाहीत.

५. लागेल तेवढंच उचला. चाक जमिनीपासून १५-२० मिलिमीटर सुटलं की पुरे. नवी चाकं उंच असतील तर उंचीतला फरक त्यात मिळवा.

६. आता पेटी जॅकवर ठेवू नका. दोन्ही कोपऱ्यांखाली आडवे-उभे रचलेले जाड लाकडी ठोकळे द्या आणि जॅक सैल करून भार त्यांच्यावर आणा. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक इथे चालत नाहीत. ते कुरकुरून इशारा देत नाहीत, एकदम फुटतात.

७. बाजूने जरा ढकलून पाहा. पेटी ठाम असेल तरच पान्याला हात घाला.

पेटी हलकी आणि उंच असेल तर ती जुन्या गादीवर पाठीवर आडवी करणं सोपं पडतं. चारही प्लेटा डोळ्यासमोर येतात आणि तळाचं काम नीट होतं. मात्र आडवी करायला आणि उभी करायला दोघे तरी हवेतच, आणि पेटी पूर्ण रिकामी हवी.

काढणं आणि बसवणं

गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सहा कोनी सॉकेट वापरा, बारा कोनी सॉकेट झिजलेल्या नटाचे कोन खातो. बोल्टचं डोकं आत गोल फिरत असेल तर वरून दुसऱ्या माणसाने धरावं. रिव्हेट असेल तर ड्रिलने डोकं काढा. वेल्ड केलेली प्लेट असेल तर ग्राइंडरने सांधा कापावा लागतो, आणि तेव्हा पेटीतलं तेल, चिंध्या, स्प्रेचे डबे सगळं दूर असू द्या.

प्लेट निघाली की खालची जागा तारेच्या ब्रशने साफ करा, उघड्या लोखंडाला रंग लावा. वाळल्यावर नवी प्लेट ठेवून चारही बोल्ट हाताने बसवा. चारही बसल्याशिवाय एकही आवळू नका. मग कर्णाच्या क्रमाने आवळा. बोल्ट ८.८ या ताकदीच्या दर्जाचे, खाली-वर वॉशर, नट नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे). बोल्टचं डोकं आत आणि नट खाली ठेवणं मला बरं वाटतं, कारण तळाचा खण डोक्याला घासत नाही आणि नट खालून तपासता येतो. फक्त मान फिरवून पाहा, फोर्क नटाला लागता कामा नये.

जाड लोखंडावर एम ८ (८ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर आणि एम १० ला ५० च्या आसपास आवळ येतो. पेटीच्या पातळ पत्र्यावर मात्र पत्रा दबायला लागला की थांबा, आकडा गाठायच्या मागे लागू नका.

सरळ चाकांची दिशा जपून जुळवा. दोन्ही चाकं एकमेकांना आणि पेटीच्या लांबीला समांतर हवीत. दोन्ही धावांना एक लांब सरळ पट्टी टेकवून पाहा. खाचेच्या प्लेटमध्ये चाक दोन-तीन अंशांनी तिरकं बसू शकतं आणि मग पेटी आयुष्यभर एका अंगाला ओढते.

फिरत्या चाकांचं टोक झालं की पेटी उतरवा, दोन्ही ब्रेक दाबा, नव्या चाकांनाही पाचर लावा आणि मगच दुसरं टोक उचला.

पत्रा कमकुवत असेल तर

पेटीच्या तळाचा सपाट पत्रा फारसा भार घेत नाही. भार घेतात त्या उभ्या भिंती. म्हणून चाकं जितकी कोपऱ्याला आणि भिंतींच्या खाली, तितकं बरं. पत्रा खचलेला असेल तर आधी तो ठोकून सपाट करा आणि आतून ५-६ मिलिमीटर जाडीची, चाकाच्या प्लेटपेक्षा सर्व बाजूंनी मोठी पट्टी द्या. माझ्या मते याहून चांगलं म्हणजे पेटीच्या पूर्ण खोलीइतके दोन लोखंडी अँगल खालून आडवे लावणं, एकेक टोकाला एक. त्याने भार थेट दोन्ही भिंतींकडे जातो. अँगलच्या आडव्या पात्यावर नव्या प्लेटची भोकं पाडली की जुन्या भोकांचं अंतर जुळण्याचा प्रश्नही सुटतो. प्लेट मावेल एवढं रुंद पातं घ्या, भोकाचा मध्य कडेपासून निदान बोल्टच्या जाडीच्या दुप्पट आत ठेवा आणि अँगलची जाडी पेटीच्या उंचीत धरा. जुनी भोकं कानशीने वाढवत नेऊन नव्या बोल्टला जागा करणं टाळा. दोन भोकं एकमेकांना मिळाली की तिथला पत्रा फाटायचा.

पहिले काही दिवस

रिकामी पेटी सरळ ढकला, वळवा, जागच्या जागी फिरवा. चारही चाकं टेकतात का हे पाहायला प्रत्येकाखाली कागद सरकवून बघा. कागद सहज जाईल त्या चाकाच्या प्लेटखाली पातळ पत्र्याची शिम द्या. मग खण भरा, जड हत्यारं तळाच्या खणांत. भरल्यावर पुन्हा फिरवा आणि फोर्क कुठे वाकतोय का, पत्रा दबतोय का ते पाहा.

आठवड्याने सगळे नट पुन्हा तपासा. रंगाचा थर दबल्याने पहिल्या काही दिवसांत ते थोडे सैल पडतात. त्यानंतर वर्षातून दोनदा मानेच्या छर्ऱ्यांना लिथियम ग्रीस द्या, एक्सलवरचे केस आणि कीस काढा. पेटी काही महिने एकाच जागी उभी राहणार असेल तर चौकटीखाली ठोकळे घालून चाकांवरचा भार कमी करा, म्हणजे धाव सपाट पडत नाही.